पुढची चाकं, मागची चाकं

आम्हा सीमाभागातल्या माणसांच्या कानावर 'पुढे' आणि 'मागे' हे शब्द लहानपणापासून दोन भाषांतून पडतात. बसमध्ये पाय ठेवला की कंडक्टर 'मुंदे होग्री, मुंदे होग्री' म्हणत ढकलतो, आणि त्याच वेळी मागून बुट्टी घेऊन चढलेली एखादी मावशी 'सरका की पुढं' म्हणून कोपर मारते. दोघांचं म्हणणं एकच असतं. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना द्यावी की मागच्या, या प्रश्नावर मात्र मराठीत काय, कानडीत काय, एकमत झालेलं मी पाहिलं नाही. तिसऱ्या रेल्वे गेटजवळ पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं, त्यामुळे हा वाद माझ्या अंगणात येऊन बसतो.

घरगुती गाडीपुरता तो कधीच मिटला आहे. आमच्या वडिलांची अ‍ॅम्बॅसिडर टॅक्सी होती. इंजिन पुढे, आणि तिथून गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा मागच्या एक्सलपर्यंत गेलेला. हा प्रोपेलर शाफ्ट जाण्यासाठी गाडीच्या तळाला मधोमध उंचवटा असे. मागच्या सीटवर मधे बसून त्या उंचवट्यावर पाय ठेवायचा आणि गुडघे हनुवटीला लावून प्रवास करायचा, हा मान घरातल्या धाकट्याचा. फियाटमध्येही तेच. मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि उंचवटा गेला. आमच्या गॅरेजात पहिल्यांदा तिचं बोनेट उघडलं तेव्हा मिस्त्री बराच वेळ आत बघत राहिला आणि म्हणाला, "हे इंजिन आडवं का झोपलंय?" इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं पुढच्या दोन चाकांच्या मधे कोंबलेलं. मागची चाकं नुसती सोबतीला. अशी गाडी बनवायला स्वस्त, वजनाला हलकी, आत जागा भरपूर. चार माणसं आणि दोन पिशव्या न्यायच्या असतील तर या मांडणीला तोड नाही, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं.

प्रश्न आहे तो स्पोर्ट्स कारचा. दोन माणसं बसणार, पिशव्यांना जागा नसली तरी चालतं, आणि गाडी घ्यायची ती निव्वळ चालवण्याच्या आनंदासाठी. हा प्रश्न माझ्यापुढे आणला भाच्याने. तो बंगळूरला कॉम्प्युटरमध्ये आहे, पस्तिशी ओलांडली, थोडे पैसे साठले आणि लहानपणापासूनची हौस वर आली. त्याच्यासमोर दोन जुन्या गाड्या होत्या. एक, सॅन स्टॉर्म. ही दोन सीटची, कापडी छपराची छोटी गाडी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्या गोव्यात बनू लागली होती. फायबरग्लासची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं साधारण ६० अश्वशक्तीचं इंजिन, आणि ड्राइव्ह पुढच्या चाकांना. आता ती बनत नाही. दुसरी एक जर्मन सलून, चार दारांची, पण ताकदवान आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना. गोव्याच्या गाडीचं नाव काढलं की त्याचे ऑफिसातले मित्र हसत. पुढच्या चाकांवर चालते ती कसली स्पोर्ट्स कार, म्हणत.

"मामा, तुम्हीच सांगा, फ्रंट की रियर?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "मागच्या चाकाची गाडी या दारात आणायची नाही. सांगून ठेवते."

ताईच्या या बोलण्याला कारण आहे. ते पुढे येईलच. आधी मी भाच्याला जे सांगितलं ते सांगतो.

टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. गाडी धावते, वळते, थांबते ती या चार तळहातांच्या जोरावर. प्रत्येक टायरजवळ पकडीची ठरावीक पुंजी असते, महिन्याच्या पगारासारखी. ती ओढण्यात खर्च करा, वळण्यात करा नाहीतर ब्रेकमध्ये करा. एका खात्यात जास्त गेली की दुसऱ्यात कमी पडणारच. पुढच्या ड्राइव्हच्या गाडीत पुढची दोन चाकं ओढायचंही काम करतात आणि वळायचंही. मागची दोघं कमावती असून घरी बसलेली. म्हणून वळणात जास्त अ‍ॅक्सिलरेटर दिला की पुढच्या टायरची पुंजी संपते, स्टिअरिंग हलकं पडतं आणि गाडीचं नाक वळणाच्या बाहेर निघतं. इंजिन ताकदवान असेल तर जोर देताना स्टिअरिंग हातातल्या हातात एका बाजूला ओढही घेतं. मागच्या ड्राइव्हमध्ये कामाची वाटणी होते. पुढच्यांनी वळायचं, मागच्यांनी ढकलायचं.

त्यात वजनाचाही भाग आहे. गाडी जोरात सुटली की तिचं वजन मागे कलतं. बस सुटताना उभी माणसं मागे झुकतात ना, तसं. म्हणजे ज्या क्षणी ताकद हवी असते नेमक्या त्याच क्षणी मागच्या चाकांवर भार वाढतो आणि पुढची हलकी होतात. चढावरही तेच. पावसाळ्यात ओल्या चढावर पुढच्या ड्राइव्हची भरलेली गाडी उभी करा आणि पुन्हा सोडा. पुढची चाकं जागच्या जागी फिरतात आणि आतली माणसं एकमेकांकडे बघतात. आमच्या वडिलांच्या टॅक्सीत मागे माणसं आणि डिकीत पोती भरली की ती घाट उलट जास्त इमानाने चढायची. रिकामी असली आणि वाटेत चिखल लागला की मात्र तिचं मागचं अंग घसरायचं. ते घसरणं सांभाळणारा ड्रायव्हर हवा.

भाच्याने मग सगळे काढतात तो मुद्दा काढला, "पण बैल गाडीच्या पुढेच असतो की!" आपल्याकडे हा मुद्दा पारावरही चालतो आणि ऑफिसातही. पण बैल ओढतो आणि वळतो तो स्वतःच्या पायांनी. चिखल दिसला की पाय जपून टाकायचं त्याला कळतं. टायरला ते कळत नाही. शिवाय बैलगाडीची स्पोर्ट्स कार व्हावी अशी बैलाचीही इच्छा नसते.

पुढच्या ड्राइव्हच्या बाजूने बोलायचं तर ते युरोपातल्या बर्फाकडे बोट दाखवून बोलावं. तिकडे हे प्रयोग फार आधी झाले. फ्रान्समध्ये आंद्रे सित्रोएन यांनी १९३४ मध्ये पुढच्या ड्राइव्हची 'त्राक्सियाँ आव्हाँ' काढली. नावाचा अर्थच पुढून ओढणारी. तिच्यावरच्या खर्चात कंपनीचं दिवाळं वाजलं, ती मिशेलिनकडे गेली, आणि १९३५ मध्ये सित्रोएन वारले. गाडी मात्र १९५७ पर्यंत बनत राहिली. मग १९५९ मध्ये इंग्लंडात अ‍ॅलेक इसिगोनिस यांची मिनी आली. दहा फूट लांब, ८४८ सीसीचं इंजिन आडवं. आमचा मिस्त्री ज्या आडव्या इंजिनाकडे बघत राहिला होता त्याची थोरली आजी ती हीच. १९५६ च्या सुएझच्या भानगडीने पेट्रोल महागलं म्हणून ती जन्मली, शर्यतीसाठी नव्हे. तरी तिने मॉन्टे कार्लोची रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा जिंकली. मधल्या १९६६ मध्येही पहिल्या तिन्ही मिनीच होत्या, पण हेडलाइटच्या नियमावर बोट ठेवून त्यांना बाद केलं आणि सित्रोएनला विजयी ठरवलं. तीही पुढच्या ड्राइव्हचीच! त्याआधी १९६२ आणि १९६३ ला जिंकली ती स्वीडनची साब, तीसुद्धा तशीच. म्हणजे सलग सहा वर्षं बर्फाच्या घाटात पुढची चाकं जिंकत होती. इंजिनाचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर, म्हणून निसरड्या रस्त्यावर पकड. १९६८ मध्ये पोर्शे ९११ ने ती रांग मोडली. तिचं इंजिन पार मागच्या एक्सलच्याही मागे. वजन आणि ड्राइव्ह पुन्हा एकाच जागी, फक्त दुसऱ्या टोकाला.

हे सगळं मान्य करूनही माझं मत फिरलं नाही ते एका इंग्रज गाडीच्या कहाणीमुळे. लोटस कंपनीने १९६२ मध्ये 'एलान' नावाची छोटी, उघडी, हलकी गाडी काढली होती. ड्राइव्ह मागच्या चाकांना. तिच्यासारखी वळणारी गाडी नाही, असं अनेक जाणकार अजून म्हणतात. १९८९ मध्ये लोटसने तेच नाव देऊन नवी एलान काढली, आणि या वेळी ड्राइव्ह पुढच्या चाकांना दिला. इंजिन जपानच्या इसुझूचं, टर्बो लावलेलं. त्याच वर्षी जपानच्या माझदाने एमएक्स-५ नावाची छोटी उघडी गाडी बाजारात आणली. ती आखताना त्यांच्या इंजिनिअरांच्या डोळ्यांसमोर जुनी एलान होती, आणि त्यांनी इंजिन पुढे, ड्राइव्ह मागे हीच जुनी मांडणी ठेवली.

आता गंमत बघा. नवी एलान माझदापेक्षा वेगवान होती. परीक्षकांनी लिहिलं की वळणाच्या रस्त्यावर, ओल्यातसुद्धा, ती बिनबोभाट पळते, चूक करू देत नाही. कागदावर सगळं तिच्या बाजूने. पण लोटसने १९९२ मध्ये ती थांबवली, पुढे थोड्या गाड्या बनवल्या आणि सगळ्या मिळून पाच हजारही झाल्या नाहीत. माझदाची दहा लाखावी एमएक्स-५ २०१६ मध्ये बनली. एलान महाग होती, हे खरं. सगळं खापर पुढच्या चाकांवर फोडू नये. तरी माणसांना तिच्यात काहीतरी कमी वाटलं, आणि मला वाटतं ते मी सांगू शकतो. पुढच्या ड्राइव्हच्या गाडीत वळणात शिरल्यावर ड्रायव्हरच्या हाती उरतं ते हळू होणं. मागच्या ड्राइव्हच्या गाडीत वळणाच्या मध्यावरही उजव्या पायाने तिच्याशी बोलता येतं. थोडं दाबलं की मागचं अंग किंचित फिरतं, सोडलं की सावरतं. हात पुढच्या चाकांशी बोलतात, पाय मागच्या. तबला आणि डग्गा वेगवेगळ्या हातांत असावेत तसं हे आहे. एकाच हाताने दोन्ही वाजवणारा कसबी असेल, त्याला मी दादही देईन, पण मैफलीला मी दोन हातवाल्याकडे जाईन.

कसबी आहेतच. होंडाने १९९५ मध्ये काढलेली इंटेग्रा टाइप आर पुढच्या ड्राइव्हची असूनही मागच्या ड्राइव्हवाल्यांनी तिच्यापुढे टोप्या काढल्या. २०१७ मध्ये त्याच कंपनीच्या सिव्हिक टाइप आरने जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा वीस किलोमीटरचा फेरा ७ मिनिटं ४३.८ सेकंदांत मारला. डिफरन्शियल आणि सस्पेन्शन यांत एवढ्या युक्त्या निघाल्यात की घड्याळ लावून भांडायचं तर मागच्या ड्राइव्हवाल्यांनी जपूनच भांडावं. मी घड्याळ लावत नाही. आणि हल्ली विजेच्या गाड्यांनी आणखी मौज केली आहे. मोटर लहान, दांडा नकोच. मग मागच्या चाकांशी मोटर ठेवणं सोपं झालं. एमजीची एवढीशी कॉमेटसुद्धा मागच्या चाकांवर चालते. महिंद्राची २०२४ मध्ये आलेली बीई ६ तशीच. चाळीस वर्षांपूर्वी आपण ज्याला निरोप दिला ते मागच्या दाराने परत आलं.

भाच्याला मी एवढं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, स्पोर्ट्स कार म्हणशील तर मागचा ड्राइव्ह. झालं! ताई हात पुसत बाहेर आली.

"घाटात काय झालं ते विसरलास?"

विसरलो नव्हतो. जुलै १९९४, आंबोलीचा घाट, उतार आणि धो धो पाऊस. भावोजी एकटेच सावंतवाडीला निघाले होते. एका वळणावर ब्रेक लावला, मागचं अंग फिरलं, गाडी उलटी वळून कठड्यावर आदळली. उजवा गुडघा गेला तो गेलाच. त्यानंतर भावोजींनी स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी मागच्या ड्राइव्हची होती. कोणाच्या तरी तोंडून ताईने ते ऐकलं आणि तीस वर्षं तिने मागच्या चाकांना शिव्या दिल्या. गाडीचं नाव मी घेत नाही, कारण तिचा काही दोष नव्हता.

गाडी ओढून आमच्या गॅरेजातच आणली होती. मिस्त्रीने खाली वाकून बघितलं आणि मला हाक मारली, "साहेब्र, हिंदिन टायर नोड्री." मागचे टायर बघितले. दोन्ही गुळगुळीत, वाटाण्याच्या सालीसारखे. पाणी बाजूला काढायला खोबणीच नव्हती. उतारावर ब्रेक लावला की वजन पुढे जातं, मागची चाकं आधीच हलकी होतात. त्यात असे टायर. ड्राइव्ह पुढच्या चाकांचा असता तरी हेच झालं असतं. मी आणि मिस्त्रीने ते टायर दुसऱ्या दिवशी काढून टाकले. बोललो नाही. त्याच मे महिन्यात भावोजींच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं होतं, आणि टायरचे पैसे कुठल्या खात्यात गेले ते मला माहीत होतं. ते बोललो असतो तर ताईने मागच्या चाकांऐवजी नणंदेचं नाव घेतलं असतं. त्यापेक्षा चाकं बरी. त्यांना ऐकू येत नाही.

त्या दिवशीही मी गप्पच होतो. झोपाळ्यावर भावोजी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

"अगं, चाकाला काय बोलतीस? टायर गेले होते. मला ठाऊक होतं. पावसाळ्याआधी घालायचे होते, राहिले."

"का राहिले?"

"लग्न होतं ना घरात."

ताई काही बोलली नाही. बराच वेळ झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज तेवढा येत होता. मग ती आत गेली आणि आतून भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जोरात येऊ लागला. भावोजी माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही काढून टाकलेत ते टायर, ते मला मिस्त्रीने सांगितलं होतं." म्हणजे तीस वर्षं आम्ही दोघेही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

भाच्याला मी मग टायरबद्दल जे सांगितलं ते पुढच्या ड्राइव्हची गाडी असलेल्या प्रत्येक घराला सांगतो, कारण आता बहुतेक घरांत तीच आहे. या गाड्यांचे पुढचे टायर लवकर झिजतात. ओढतात, वळतात, ब्रेकचाही जास्त भार घेतात. मग दोनच नवे घ्यायचे असले की लोक ते पुढे घालतात आणि जुने मागे ठेवतात. वरवर बरोबर वाटतं. पण पावसात मागच्यांची पकड आधी सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ते सावरणं आपल्यासारख्यांचं काम नव्हे. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते. पाय सोडला, वेग उतरला की बहुधा पुन्हा वळते. म्हणून नवी जोडी मागे घालावी आणि मागचे पुढे आणावेत. टायरच्या कंपन्याही हेच सांगतात, पण दुकानात कोणी विचारत नाही. खोबण १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्याने टायर बाद. आपल्या घाटात पावसाळ्याला तेवढीवर थांबू नये.

गोव्याची गाडी आम्ही दोघे जाऊन बघून आलो. मी आधी बोनेट न उघडता खाली वाकलो, यावर मालक हसले. चालवून पाहिली. जमिनीला टेकून बसल्यासारखं वाटतं, वारा कानात शिरतो, आणि पन्नासच्या वेगात ऐंशीचा भास होतो. साठ अश्वशक्तीत पुढच्या चाकांची पुंजी संपवायची म्हटलं तरी सहज संपत नाही. त्यांच्यावरचं दुहेरी ओझं जाणवतं ते मोठ्या इंजिनात. त्यामुळे माझा सगळा युक्तिवाद त्या गाडीपुढे थोडा लंगडा पडला, हे मी भाच्याला परत येताना सांगून टाकलं. जर्मन सलून चांगली होती, पण तिच्यात बसल्यावर आपण बँकेत निघालोय असं वाटायचं. त्याने गोव्याची घेतली. ज्या गाडीचं उत्पादन थांबलंय तिचे भाग शोधणं हे आता माझ्या म्हातारपणाचं काम झालं आहे, आणि मिस्त्रीचा मुलगा त्यात पटाईत आहे.

चारही टायर एकाच जातीचे, नवे घातले. ताईने पूजा केली, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. भावोजी काठी टेकत आले, मागच्या टायरच्या खोबणीत अंगठा घालून बघितला आणि पुन्हा झोपाळ्यावर जाऊन बसले. त्यांना आत बसवून एक फेरी मारायचा बेत होता, पण एवढ्या खाली तो गुडघा वाकेना. ताई बसली. तिसऱ्या गेटपर्यंत जाऊन आली आणि केस विस्कटले म्हणून कुरकुरली.

जुलैत भाचा चोर्ल्यातून गोव्याला जाऊन आला. परतीच्या वाटेवर कणकुंबीहून त्याचा फोन आला.

"मामा, घाटात चढावर ट्रकमागे थांबलो होतो. सोडताना पुढचं चाक फिरलं."

"फिरणारच की," मी म्हटलं.